तेच ते, पण तेच कशावरून?

मी आमगावात बसून पुण्यातल्या एका कंपनीसाठी सी प्लस प्लसमध्ये प्रोग्रॅम लिहितो. करोनाच्या काळात बाडबिस्तरा घेऊन घरी आलो आणि राहिलोच. पूर्वी दिवाळीला महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याहून गोंदियाला यायचो, आता कधीमधी बैठकीसाठी गोंदियाहून पुण्याला जातो. गाडी तीच, तिकीट उलटं. गावात मी नेमकं काय करतो हे कोणाला कळत नाही आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही, कारण दिवसाचा बराच भाग मी काही करताना दिसतच नाही. वाट बघत असतो.

आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला जसाच्या तसा कळत नाही. तो यंत्राच्या भाषेत उतरवावा लागतो आणि ते काम कंपायलर करतो, एकेक फाइल घेऊन. फायली हजारांच्या घरात असल्या की सगळ्या उतरवून, एकमेकींना जोडून, चालणारा प्रोग्रॅम हाती येईपर्यंत बराच वेळ जातो. या खटाटोपाला आम्ही बिल्ड म्हणतो आणि तो दिवसभर पुन्हा पुन्हा करतो. सीकॅश नावाचं एक छोटं साधन कंपायलरच्या आधी उभं राहतं आणि प्रत्येक फाइल आली की विचारतं, हे काम आधी झालंय का? झालं असेल तर साठवलेलं उत्तर काढून देतं. झालं नसेल तर कंपायलरकडून करून घेतं आणि उत्तर पुढच्या वेळेसाठी ठेवून देतं. बस, एवढंच. हे एवढंसं साधन वापरता वापरता जे कळत गेलं, ते इथे लिहून काढतो आहे.

१. वेगाची सवय लागते हे ऐकून होतो. संथपणाचीही लागते हे उशिरा कळलं. पाऊण तासाचा बिल्ड ही अडचण आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. तो निसर्गनियम होता. तेवढ्यात चहा व्हायचा, पेपर वाचून व्हायचा, बाजारातून भाजी यायची. बाबा मागच्या दारातून डोकावून विचारायचे, “का गा, काम नाही का आज?” मी पडद्याकडे बोट दाखवायचो. पडद्यावर ओळी सरकत असायच्या, त्यामुळे काम चाललंय यावर त्यांचा विश्वास बसायचा. माझाही बसायचा. सीकॅश आल्यावर तोच बिल्ड चार-पाच मिनिटांत उरकू लागला, तेव्हा आधी आनंद झाला नाही, पंचाईत झाली. आता भाजी आणायला कामातून उठायचं तर कारण काय सांगायचं?

२. वाचलेला वेळ लगेच दिसतो. त्याच्याआड आणखी काय वाचलं ते दिसायला जरा दिवस जावे लागतात. मोठ्या प्रकल्पात काही हेडर फायली अशा असतात की जवळजवळ प्रत्येक फाइल त्यांना आत ओढून घेते. तिथे एक शब्द बदलला की अख्खा प्रकल्प पुन्हा कंपाइल होणार. त्यामुळे अशा हेडरांपासून आम्ही सगळेच लांब राहायचो. एखाद्या फंक्शनचं नाव धडधडीत दिशाभूल करणारं आहे हे दिसत असूनही त्याला हात लावायचा नाही. शेजारी दुसरं फंक्शन उभं करायचं आणि पुढे जायचं. याला आम्ही ‘सांभाळून काम करणं’ म्हणायचो. सीकॅशने हेडर बदलण्याचा खर्च कमी केला नाही. मजकूर खरोखर बदलला तर त्याच्यापुढेही इलाज नसतो, सगळं नव्याने करावंच लागतं. त्याने कमी केला तो परतीचा खर्च. बदल करून पाहिला, पटला नाही, मागे फिरलो, तर मागचं सगळं साठवणीत हजर. परतीचा प्रवास फुकट आहे म्हटल्यावर निघायची भीती निम्मी झाली. जुन्या प्रोग्रॅममधली किती वेडीवाकडी वळणं निव्वळ बिल्डच्या कंटाळ्याने जन्माला आली असतील, हा विचार आता अधूनमधून येतो आणि त्या लेखकांबद्दलचा राग थोडा कमी होतो.

३. कंपायलर फार हुशार असतो आणि त्याला काहीही आठवत नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग शिकलं ते आयआयटी मुंबईच्या डी. एम. ढमढेरे यांच्या पुस्तकावरून. परीक्षेपुरतं वाचलं, हे सांगायला नकोच. पुढे कळलं की त्यांचं संशोधन नेमकं याच प्रश्नाभोवती आहे: प्रोग्रॅममधली तीच आकडेमोड वेगवेगळ्या वाटांनी पुन्हा होत असेल, तर कंपायलरने ती ओळखून पुनरावृत्ती कशी टाळावी. मोरेल आणि रेनव्हाझ यांनी १९७९ मध्ये त्यासाठी एक पद्धत मांडली होती. ती प्रत्यक्षात उतरवताना काय सुधारावं लागेल, यावरचा ढमढेरे यांचा निबंध १९९१ चा. त्यांच्यासोबत या विषयावर काम केलेले उदय खेडकर यांनी पुढे आयआयटी मुंबईतच जीसीसी या कंपायलरसाठी केंद्र चालवलं आणि त्याचं अंतरंग उलगडून दाखवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. म्हणजे एका फाइलच्या आत, कंपायलरच्या एका फेरीत, तेच काम दोनदा होऊ नये म्हणून विद्वानांनी आयुष्याची वर्षं घातली आहेत. आणि ती फेरी संपली की कंपायलर सगळं विसरतो! पाच मिनिटांनी तीच फाइल, अक्षरही न बदलता, त्याच्यापुढे ठेवा. पहिल्यांदाच पाहतोय अशा निष्ठेने तो श्रीगणेशा करतो. सीकॅशने त्याच्या हुशारीत काही भर घातली नाही. दोन फेऱ्यांच्या मधली आठवण ठेवायला फक्त कोणीतरी बसवलं.

४. घड्याळावर विश्वास ठेवणं वेगळं आणि मजकुरावर ठेवणं वेगळं. मेक हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये लिहिलं. त्याचा नियम साधा आहे: मूळ फाइल तिच्यापासून बनलेल्या फाइलपेक्षा ताजी असेल तर पुन्हा बनवायची. ताजी म्हणजे तारीख-वेळेने ताजी. अर्धशतक होत आलं, तरी अजून पुष्कळ ठिकाणी हाच नियम चालतो आणि बहुतेक वेळा बरोबर चालतो. पण प्रोग्रॅमच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये एका शाखेवरून दुसऱ्या शाखेवर जा आणि लगेच परत या. मजकूर होता तसाच, पण मधे ज्या ज्या फायली बदलल्या त्यांच्यावर आत्ताची वेळ पडलेली असते, आणि मेक बिचारा सगळ्यांना पुन्हा कामाला लावतो. सीकॅश वेळ विचारत नाही. मजकूर वाचतं, त्याचा गणिती ठसा काढतं आणि तो ठसा आधी पाहिलाय का ते बघतं. दोघांत भांडण मात्र नाही. मेक विचारतो, हे करायला हवं का? सीकॅश विचारतं, हे केलेलं आहे का? घरात दोन्ही प्रश्न विचारणारी माणसं लागतात.

५. एकच प्रश्न एखाद्या माणसाला पुष्कळ वर्षं पुरतो. सीकॅश २००२ मध्ये लिहिलं ते ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी. १९९६ मध्ये आलेलं आरसिंकही त्यांचंच: दोन संगणकांतल्या फायली जुळवताना जो भाग पलीकडे आधीच आहे तो पुन्हा पाठवायचा नाही. जागा वेगळी, प्रश्न तोच. आणि सीकॅशची कल्पना मुळात त्यांची नव्हती. एरिक थीले यांनी कंपायलरकॅश नावाची शेल स्क्रिप्ट लिहिली होती, तीच कल्पना ट्रिजेल यांनी सी भाषेत नव्याने बांधली आणि मूळ श्रेय नोंदवून ठेवलं. २०१० पासून जोएल रोसडाल ते सांभाळत आहेत. ट्रिजेल यांचं नाव मला कॉलेजपासून ठाऊक होतं. रोसडाल यांचं नाव कळायला आवृत्त्यांच्या टिपा वाचाव्या लागल्या, आणि मी रोज वापरतो त्यातलं बहुतेक त्यांच्या काळातलं आहे.

६. पहिल्या वेळी ते हळूच चालतं. साठवणीत काहीच नसतं, कंपायलरला सगळं काम करावंच लागतं, वर ठसे काढायचं आणि उत्तरं लिहून ठेवायचं ओझं. पुण्यातल्या एका सहकाऱ्याने बसवलं, एक बिल्ड केला, “अरे, उलट जास्तच वेळ लागतोय” म्हणत काढून टाकलं. त्याचं काही चुकलं असं म्हणवत नाही. दुसऱ्या फेरीपर्यंत थांबायला कोणावर तरी आधी भरवसा ठेवावा लागतो.

७. साठवणं कोणीही करील. ‘तेच’ म्हणजे काय हे ठरवणं हेच खरं काम आहे. मजकूर तोच तर फाइल तीच, अशी माझी सरळ समजूत. पण ती फाइल ज्या हेडर आत ओढते त्यांचं काय? त्यातली एक बदलली तरी उत्तर बदलतं. म्हणून सीकॅश मुळात फाइलचं पूर्वप्रक्रिया झालेलं रूप पाहतं, ज्यात सगळ्या हेडर आत भरलेल्या असतात. मग कंपायलरला दिलेले पर्याय. ऑप्टिमायझेशनची, म्हणजे प्रोग्रॅम वेगवान करण्याची, पातळी बदलली तर मजकूर तोच असूनही उत्तर वेगळं. मग खुद्द कंपायलर. त्याची आवृत्ती बदलली तर जुनं उत्तर चालणार नाही. इथे एक मौज आहे. मजकूर वाचण्याचा एवढा आग्रह धरणारं हे साधन कंपायलर तोच आहे की नाही हे मात्र, आपण वेगळं सांगितलं नाही तर, त्याच्या फाइलचा आकार आणि तारीख बघून ठरवतं. म्हणजे शेवटी घड्याळच. मेकला मी जे बोललो होतो ते हे वाचल्यावर मनातल्या मनात मागे घेतलं. रात्रीतून कंपायलर अद्ययावत झाला की सकाळी सगळी साठवण एकदम परकी होते, ती यामुळे.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट टिप्पण्यांची. प्रोग्रॅममध्ये माणसांसाठी लिहिलेल्या टिप्पण्या पूर्वप्रक्रियेत गळून पडतात. म्हणून टिप्पणीतलं शुद्धलेखन सुधारलं तर सीकॅशच्या लेखी फाइल तीच राहते. पण त्याच टिप्पणीत एक ओळ वाढवा. खालच्या सगळ्या ओळी एकेक घर खाली सरकतात, त्यांचे क्रमांक पूर्वप्रक्रियेच्या मजकुरात आणि पुढे डीबगिंगच्या, म्हणजे दोष शोधायला लागणाऱ्या, माहितीत उतरतात, आणि सीकॅश म्हणतं, ही वेगळी. आपण दोन्ही वेळा ‘फक्त टिप्पणी बदलली’ असंच सांगणार. दोन्ही वेळा सीकॅशचं बरोबर असतं.

२०१० च्या तिसऱ्या आवृत्तीत एक जवळची वाट आली. पूर्वप्रक्रियेलाही वेळ लागतोच, तर ती न करता मूळ फाइल आणि मागच्या वेळी तिने वापरलेल्या हेडर यांचे ठसे थेट ताडून बघायचे. जुळले तर काम झालं. नाही जुळले तर जुन्या, लांबच्या वाटेने. टिप्पणीतलं शुद्धलेखन जवळच्या वाटेवर अडतं आणि लांबच्या वाटेवर सुटतं, हे पहिल्यांदा सीकॅशच्या आकडेवारीत दिसलं तेव्हा मी ते बायकोला उत्साहाने समजावून सांगितलं. तेव्हापासून ती “तेच तेच काय सांगता?” म्हणाली की मी थांबून विचार करतो, खरंच तेच आहे का? याने संवाद सुधारलेला नाही.

८. वेळेची नोंद ठेवायची हौस महाग पडते. प्रोग्रॅम कधी बनला हे त्याच्यातच छापून ठेवायची सोय सी भाषेत आहे. त्यासाठी मॅक्रो, म्हणजे आपोआप मजकूर भरणारे शब्द, आहेत: एक तारीख देतो, एक वेळ. वेळेचा मॅक्रो वापरणारी फाइल सेकंदासेकंदाला वेगळी होते, म्हणून ती कधीच जुळत नाही. तारखेवाली त्या दिवसापुरती जुळते आणि रात्री बारानंतर ओळख विसरते. आमच्या प्रकल्पात कोण्या जुन्या हौशी माणसाने वेळेचा मॅक्रो एका सामाईक हेडरमधल्या स्थिर मजकुरात घालून ठेवला होता. निम्मा प्रकल्प त्यामुळे दर बिल्डला नवा. अशा मॅक्रोंकडे काणाडोळा कर असं सीकॅशला सांगता येतं, पण मग प्रोग्रॅमवर छापलेली वेळ खोटी निघू शकते. आम्ही तो मॅक्रो हेडरमधून काढून एका छोट्या फाइलीत नेला. तेवढी एक फाइल दरवेळी नव्याने बनते, बाकीच्या शांत. कोणीही, कुठेही, कधीही बनवला तरी अक्षर न् अक्षर तोच प्रोग्रॅम निघावा म्हणून डेबियन या लिनक्सच्या लोकांनी मोठी खटपट चालवली आहे. त्यांच्याही वाटेतला नेहमीचा धोंडा तारीख-वेळेचाच.

९. मी कुठे बसतो याने कामात फरक पडत नाही, अशी भाषणं मी नातेवाइकांपुढे पुष्कळ केली आहेत. सीकॅशला मात्र पत्ता लागतो. डीबगिंगची माहिती मागितलेली असेल तर ज्या फोल्डरमध्ये बिल्ड झाला त्याचा पूर्ण मार्ग उत्तरात लिहिला जातो. म्हणून तोच प्रकल्प शेजारच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये उतरवला तर सगळं नव्याने. मार्गाचा वरचा भाग सोडून दे आणि सापेक्ष पत्ता धर असं सांगायची सोय आहे, ती हातात येईपर्यंत माझ्या डिस्कवर एकाच प्रकल्पाच्या तीन प्रती एकमेकींना ओळख न देता नांदत होत्या. चौथ्या आवृत्तीच्या काळात साठवण नेटवर्कवर ठेवायचीही सोय झाली. मग पुण्याच्या सर्व्हरवर रात्री झालेला बिल्ड मला सकाळी आमगावात आयता मिळायला हवा. मिळतोही, पण हजारो बारीक वस्तू एकेक करून मागवायच्या म्हणजे प्रत्येकीची ये-जा मोजायची. जड फायली मागवलेल्या परवडतात. हलक्या इथेच बनवलेल्या बऱ्या. पाऊस असेल तर सगळ्याच इथे.

१०. थोडं कमी पडणं आणि अजिबात न पुरणं यांत मला वाटायचं तेवढं अंतर नसतं. सीकॅश मुळात ५ जीबी जागा धरतं. आमचे डीबग आणि रिलीज असे दोन्ही बिल्ड मिळून सहा-सात जीबी लागायचे. सातापैकी पाच बसतात म्हणजे दोन तृतीयांश तरी फायदा होईल, असं कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात जवळजवळ काहीच नाही. जागा भरली की सीकॅश बराच काळ हात न लागलेल्या वस्तू आधी काढतं, आणि हे अगदी रास्त आहे. पण बिल्ड दरवेळी साधारण त्याच क्रमाने जातो. शेवटाकडे पोचेपर्यंत सुरुवातीचं बाहेर गेलेलं असतं. पुढच्या फेरीत सुरुवातीचं पुन्हा बनवताना शेवटाचं बाहेर जातं. प्रत्येक वस्तू नेमकी लागायच्या आधी फेकली जाते.

आमच्या जिल्ह्यात हे समजायला संगणक लागत नाही. गोंदिया-भंडाऱ्याकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या खपून बांधले ते पावसाने ताण दिला तरी रोवलेल्या धानाला पाणी मिळावं म्हणून. कित्येक तलावांत गाळ साचत गेला, खालच्या बांध्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. मग शेपटाकडच्या बांधीपर्यंत पाणी पोचतच नाही, आणि धानाला अर्धं पाणी दिलं म्हणून अर्धं पीक हाती लागतं असं नाही. मी कॅश, म्हणजे सीकॅशची साठवण, २० जीबीची केली तेव्हा बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, “हे शिकाले पुण्याले गेला होतास का?”

पुतण्याचं गणित याहून अवघड आहे. तो जुन्या फोनसाठी लिनिएजओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः बनवतो. त्या प्रकल्पाच्या सूचनांमध्ये ५० जीबीच्या कॅशचं उदाहरण दिलेलं आहे आणि मूळ मजकूरच शेकडो जीबी खातो. “काका, माझी डिस्कच ५१२ ची आहे,” तो म्हणाला. सिनेमे काढ म्हटलं. काढले नाहीत.

११. लाइट गेल्यावर साधनाची परीक्षा होते. मृगाच्या आसपास आमच्याकडे वादळी पाऊस येतो, झाडं तारांवर पडतात, आणि माझा डेस्कटॉप एका इन्व्हर्टरच्या भरवशावर असतो, ज्याचा भरवसा नाही. ऐन बिल्डमध्ये असं झालं की अर्धवट लिहिलेल्या फायली मागे राहतात. मेकला त्या ताज्याच दिसतात, तारीख आजची आहे ना! मग जोडणीच्या टप्प्यावर अगम्य तक्रारी सुरू होतात. अशा वेळी सगळं पुसून नव्याने बिल्ड करणं हेच शहाणपणाचं, आणि सीकॅश असलं की तो शहाणपणा परवडतो. ते स्वतः उत्तर आधी तात्पुरत्या फाइलीत लिहितं आणि पूर्ण झाल्यावरच तिला नाव देऊन जागेवर ठेवतं. २०२० मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून प्रत्येक साठवणीसोबत पडताळणीचा आकडाही असतो. तो जुळला नाही तर ती वस्तू आपल्याकडे नाहीच असं धरून सीकॅश मुकाट्याने कंपायलरकडे जातं. माहिती अर्धवट असताना ‘मला माहीत नाही’ म्हणणारी व्यक्ती बैठकांमध्ये मला क्वचित भेटते.

१२. कंपायलरची कुरकुरही साठवली जाते. तो काम करता करता जे इशारे देतो, तेही उत्तरासोबत ठेवले जातात आणि दरवेळी जसेच्या तसे ऐकवले जातात. तसं नसतं तर दुसऱ्या फेरीत इशारे नाहीसे होऊन प्रोग्रॅम सुधारल्याचा भास झाला असता. जी फाइल कंपाइलच झाली नाही, तिची मात्र आठवण ठेवत नाही. पुढच्या वेळी तिला पुन्हा संधी. घरोघरी याच्या बरोबर उलटी पद्धत असते.

१३. त्याला सगळं जमत नाही, आणि हे ते लपवत नाही. शेवटची जोडणी सीकॅश साठवत नाही. प्रकल्प मोठा असेल तर सगळ्या फायली क्षणात मिळाल्यावरही जोडणीला ताटकळावं लागतं. ऑप्टिमायझेशनचं काम जोडणीच्या वेळी करायची पद्धत घेतली तर खरा भार तिकडेच सरकतो आणि सीकॅशच्या वाट्याला थोडंच उरतं. एकट्या सीकॅशवर भागत नाही म्हणून लोक मार्टिन पूल यांचं डिस्टसीसी जोडीला घेतात, ते कंपायलरचं काम नेटवर्कवरच्या अनेक संगणकांना वाटून देतं. माझ्याकडे वाटून घ्यायला एक संगणक आणि तो इन्व्हर्टर.

१४. संशय नेहमी साठवणीवर आधी जातो. आमच्या धंद्यात काही विचित्र घडलं की पहिला उपाय ठरलेला: कॅश पुसा. पुसली की मनाला बरं वाटतं, पुढचा बिल्ड पाऊण तासाचा होतो आणि विचित्रपणा जागच्या जागी असतो. सीकॅश करणाऱ्यांची पहिली अट वेगाची नाहीच. खऱ्या कंपायलरने जे दिलं असतं नेमकं तेच दिलं पाहिजे, ही आहे. जिथे खात्री नाही तिथे ते काम कंपायलरकडे सोपवून मोकळं होतं. एवढ्या काळात आमच्या प्रकल्पातला एकही खरा दोष साठवणीतून आल्याचं मी पाहिलेलं नाही. दोष आले ते ज्यांनी प्रोग्रॅम लिहिला त्यांच्याकडून, आणि त्या यादीत कोण कोण आहे हे गिट सगळ्यांना दाखवतं.

तुमच्याकडे सी किंवा सी प्लस प्लसचा मोठा प्रकल्प असेल तर सीकॅश बसवून बघा. रस्ट असेल तर मोझिलाचं एससीकॅश. जागा बिल्डला पुरून उरेल एवढी द्या, सामाईक हेडरमध्ये वेळ छापणारा मॅक्रो असेल तर तो आधी तिथून हलवा, सीकॅशची मोजणी शून्यावर आणा, आणि मत बनवायच्या आधी बिल्ड दोनदा करा.